वाचकांचे प्रश्न : ॲडम गुड्स यांची कारकीर्द

क्रीडांगणावरील वंशद्वेषाविषयीचा आमचा लेख गेल्या अंकात प्रसिद्ध झाला. त्यात ऑस्ट्रेलियाचे माजी फुटबॉलपटू ॲडम गुड्स यांचा उल्लेख ‘प्रेक्षकांच्या हुर्योमुळे खेळ सोडून गेलेला खेळाडू’ असा एका ओळीत आला होता. त्या एका ओळीवर इतकी पत्रे आली, की या वेळचे सदर त्यांच्यासाठीच राखून ठेवले आहे. सारख्या आशयाची पत्रे एकत्र केली असून प्रश्न संक्षेपाने दिले आहेत.

प्रश्न : ऑस्ट्रेलियन रूल्स फुटबॉल हा रग्बीचाच एक प्रकार आहे का? गुड्स त्यात नेमक्या कोणत्या जागेवर खेळत? (नाशिक)

उत्तर : चेंडू लांबट असतो आणि अंगाला अंग भिडते, एवढ्यापुरतेच रग्बीशी साम्य आहे. आपल्याकडील वाचकांना ओळखीची वाटेल अशी गोष्ट म्हणजे या खेळाचे मैदान, कारण हा खेळ क्रिकेटच्याच लंबवर्तुळाकार मैदानावर हिवाळ्यात खेळला जातो. मेलबर्नच्या क्रिकेटपटूंना थंडीच्या दिवसांत अंग चालते ठेवण्यासाठी काहीतरी खेळ हवा, असे पत्र टॉम विल्स या क्रिकेटपटूने १८५८ मध्ये लिहिले आणि पुढच्याच वर्षी मेलबर्न फुटबॉल क्लबने खेळाचे पहिले लेखी नियम केले. विल्स यांचे बालपण मूलनिवासी मुलांच्या संगतीत गेले होते, त्यामुळे त्या समाजाच्या चेंडूच्या खेळांची छाया या नियमांवर पडली असावी, असे काही अभ्यासक मानतात आणि काही ठामपणे नाकारतात. तो वाद अजून मिटलेला नाही.

प्रत्येक संघाचे अठरा खेळाडू मैदानात असतात. चेंडू हातात घेऊन पळता येते, पण पंधरा मीटरांच्या आत तो एकदा जमिनीवर आपटावा किंवा टेकवावा लागतो. तो फेकण्यास मनाई आहे. एका हातावर धरून दुसऱ्या हाताच्या मुठीने ठोसून सहकाऱ्याकडे द्यावा लागतो, नाहीतर लाथेने मारावा लागतो. पंधरा मीटर किंवा त्याहून लांबून लाथेने आलेला चेंडू हवेतच झेलला, तर झेलणाऱ्याला कोणाचाही अडथळा न होता पुढची किक मारता येते. दोन्ही टोकांना चार-चार खांब असतात. मधल्या दोहोंमधून लाथेने चेंडू गेला तर सहा गुण आणि बाजूच्या खांबांमधून गेला तर एक गुण. ऑफसाइड नाही, त्यामुळे खेळ सर्व दिशांनी सतत वाहता राहतो.

जागांविषयी सांगायचे तर, गुड्स यांच्या काळात मध्यभागी पंच चेंडू आपटून उसळवत, तेव्हा उडी घेऊन तो आपल्या बाजूला वळवणारा उंच ‘रकमन’, खाली पडलेला चेंडू उचलून वेगाने पुढे नेणारे मध्यक्षेत्रातील खेळाडू आणि खांबांपाशी राहून गोल करणारे आघाडीचे खेळाडू, अशी कामांची ढोबळ वाटणी असते. बहुतेक खेळाडू यांपैकी एकाच कामात आयुष्य घालवतात. गुड्स यांनी ही तिन्ही कामे केली, तीही संघात सर्वांत चांगली करणारा खेळाडू म्हणून. त्यांच्या मोठेपणाची चर्चा येथून सुरू व्हायला हवी असे मला वाटते. ती सहसा हुर्योपासून सुरू होते.

प्रश्न : ते लहानपणी साधा फुटबॉल खेळत असत, असे वाचनात आले. मग या खेळात ते कसे आले? त्यांच्या कुटुंबाविषयीही थोडे लिहावे. (कोल्हापूर)

उत्तर : गुड्स यांचा जन्म ८ जानेवारी १९८० रोजी दक्षिण ऑस्ट्रेलियातील वॉलारू या लहानशा किनारी गावात झाला. वडील ब्रिटिश-आयरिश वंशाचे आणि आई अद्न्यामथन्हा व नरंगा या मूलनिवासी समाजांतील. आई-वडील लवकर वेगळे झाले आणि आईने मुलांना घेऊन दक्षिण ऑस्ट्रेलिया व व्हिक्टोरिया या राज्यांतील अनेक गावे बदलली. मधल्या काळात ते सॉकर, म्हणजे आपण ज्याला फुटबॉल म्हणतो तो खेळ, खेळत. मरबीन या गावी मुलांचा खेळ ऑस्ट्रेलियन रूल्स हाच होता, तेव्हा तेही त्यात उतरले; पुढे हॉर्शम येथे शाळेत असताना नॉर्थ बॅलरॅट या युवा संघातून खेळू लागले. एएफएल ही या खेळाची देशव्यापी व्यावसायिक स्पर्धा होय. तिच्यात खेळाडू स्वतः क्लब निवडत नाही. गुणतक्त्यात तळाशी राहिलेल्या क्लबला आधी संधी देत, ओळीने खेळाडूंची नावे पुकारली जातात. १९९७ च्या निवडीत सिडनी स्वान्स या क्लबने त्रेचाळिसाव्या क्रमांकावर गुड्स यांचे नाव घेतले. इतक्या खालच्या क्रमांकावरचा मुलगा देशातील पहिल्या रांगेचा खेळाडू होईल, अशी अपेक्षा सहसा कोणी करत नाही.

कुटुंबाविषयी एक गोष्ट येथे नोंदवणे आवश्यक आहे, कारण पुढच्या उत्तरांना तिचा संदर्भ आहे. ऑस्ट्रेलियात विसाव्या शतकाच्या मोठ्या भागात मूलनिवासी मुलांना सरकारी आदेशाने आई-वडिलांपासून तोडून संस्थांत किंवा गोऱ्या कुटुंबांत ठेवले जात असे. गुड्स यांची आई अशा मुलांपैकी एक. त्या धोरणाची राष्ट्रीय चौकशी होऊन अहवाल प्रसिद्ध झाला तो १९९७ मध्ये, म्हणजे गुड्स यांची सिडनीसाठी निवड झाली त्याच वर्षी. आणि पंतप्रधान केव्हिन रड यांनी संसदेत देशातर्फे क्षमा मागितली ती १३ फेब्रुवारी २००८ रोजी. तोवर तिचा मुलगा देशातील सर्वोत्तम खेळाडूचे पदक दोनदा घेऊन मोकळा झाला होता.

प्रश्न : खेळाडू म्हणून त्यांची पातळी नेमकी कोणती? सहानुभूतीमुळे त्यांचे कौतुक वाढवून तर सांगितले जात नाही ना? (पुणे)

उत्तर : शंका रास्त आहे, पण आकडे तिला फारशी जागा ठेवत नाहीत. गुड्स १९९९ मध्ये पहिल्या संघात आले आणि त्याच हंगामात सर्वोत्तम नवोदित खेळाडू ठरले. २०१५ पर्यंत ते ३७२ सामने खेळले, ४६४ गोल केले आणि सगळे एकाच क्लबसाठी. मधल्या काळात त्यांनी सलग २०४ सामने खेळले. ज्या खेळात गुडघे, खांदे आणि मांड्यांचे स्नायू दर आठवड्याला कोणाचे ना कोणाचे जातात, तेथे हा आकडा माझ्या मते पदकांपेक्षाही अधिक बोलका आहे.

पदकांमध्ये सर्वोच्च मानले जाते ते ब्राउनलो पदक. प्रत्येक साखळी सामन्यानंतर मैदानावरील पंच तीन खेळाडूंना तीन, दोन व एक अशी मते देतात. मते हंगाम संपेपर्यंत बंद राहतात आणि एका समारंभात मोजली जातात. त्या हंगामात गैरवर्तनासाठी निलंबन झालेला खेळाडू कितीही मते मिळाली तरी अपात्र ठरतो. पदक देणारे हे पंचच खेळाडूला सर्वांत जवळून पाहतात, ही गोष्ट लक्षात ठेवावी, कारण गुड्स पंचांना फसवतात हा आरोप पुढे येणार आहे. २००३ मध्ये कॉलिंगवूडचे नेथन बकली, ॲडलेडचे मार्क रिच्युटो आणि गुड्स अशा तिघांना समान बावीस मते मिळून पदक विभागून दिले गेले. २००६ मध्ये सव्वीस मते मिळवून गुड्स यांनी ते एकट्याने जिंकले.

ही पदके मिळवताना त्यांनी प्रामुख्याने रकमन आणि मध्यक्षेत्रातील खेळाडू म्हणून काम केले होते. सव्वासहा फुटांच्या आसपास उंची, त्या उंचीला न शोभणारा वेग आणि खाली वाकून चेंडू उचलण्याची सफाई, यामुळे प्रतिस्पर्धी प्रशिक्षकांपुढे पेच असे. उंच खेळाडू लावला तर तो धावण्यात मागे पडे आणि चपळ लावला तर झेलात तोकडा पडे. तिशीच्या सुमारास पाय थोडे मंदावले तेव्हा ते आघाडीला गेले आणि २००९ ते २०११ असे सलग तीन हंगाम क्लबतर्फे सर्वाधिक गोल त्यांचेच होते. क्लबचा सर्वोत्तम खेळाडू म्हणून त्यांची निवड तीनदा झाली आणि वर्षभरातील सर्वोत्तम खेळाडूंच्या मानद राष्ट्रीय संघात चारदा.

सांघिक यशाचे दोन दिवस सांगितल्याशिवाय उत्तर पुरे होणार नाही. सिडनी स्वान्स हा मुळात मेलबर्नमधील साउथ मेलबर्न क्लब. तो १९८२ मध्ये सिडनीला हलला आणि १९३३ नंतर त्याने एकदाही विजेतेपद मिळवले नव्हते. २००५ च्या अंतिम सामन्यात वेस्ट कोस्टला चार गुणांनी हरवून त्याने बहात्तर वर्षांचा दुष्काळ संपवला. त्या संघात गुड्स होते. पुढच्या वर्षी त्याच प्रतिस्पर्ध्याकडून अवघ्या एका गुणाने हरलेल्या संघातही होते. दुसरा दिवस २०१२ चा. हॉथॉर्नविरुद्धच्या अंतिम सामन्यात दुसऱ्या सत्रातच त्यांच्या गुडघ्यातील मागचा अस्थिबंध दुखावला. पाय बांधून, लंगडत ते मैदानात राहिले, अखेरच्या सत्रात मोक्याचा गोल त्यांनीच केला आणि सिडनी दहा गुणांनी जिंकले. त्या वेळी त्यांचे वय बत्तीस होते आणि देशात त्यांच्याविषयी वाईट बोलणारा माणूस शोधावा लागला असता.

प्रश्न : २०१३ मध्ये त्यांनी एका तेरा वर्षांच्या मुलीला मैदानाबाहेर काढायला लावले. शब्द वाईट असला, तरी लहान मुलीशी असे वागणे मोठ्या खेळाडूला शोभते का? (ठाणे)

उत्तर : आपल्या पत्राचा सूर ऑस्ट्रेलियातील अनेकांच्या सुरासारखाच आहे, म्हणून घटनाक्रम नीट मांडतो. २४ मे २०१३ रोजी मेलबर्न क्रिकेट मैदानावर कॉलिंगवूडविरुद्ध सामना होता. मूलनिवासी खेळाडूंच्या सन्मानार्थ दरवर्षी होणाऱ्या विशेष फेरीतील हा सामना, आणि गुड्स त्यात उत्तम खेळत होते. अखेरच्या सत्रात सीमारेषेजवळून जाताना प्रेक्षकांतून कोणीतरी त्यांना वानर म्हटले. ते थांबले, वळले आणि आवाज आला त्या दिशेने बोट करून सुरक्षारक्षकांना दाखवले. बोलणारी व्यक्ती किती वर्षांची आहे, हे त्यांना त्या क्षणी ठाऊक नव्हते. तिला बाहेर नेण्याचे आणि तिची चौकशी करण्याचे काम रक्षकांनी व पोलिसांनी आपल्या नियमांप्रमाणे केले.

दुसऱ्या दिवशी वार्ताहरांपुढे गुड्स यांनी जे सांगितले ते टीकाकारांनी फारसे उद्धृत केले नाही. मुलीला दोष देऊ नका, तिला आधाराची गरज आहे, ती ज्या वातावरणात हा शब्द शिकली त्याकडे पाहा, असा त्यांच्या बोलण्याचा आशय होता. मुलीने दूरध्वनी करून क्षमा मागितली आणि त्यांनी ती तेथल्या तेथे स्वीकारली. आपल्या प्रश्नात ज्या मोठेपणाची अपेक्षा आहे, तो यापेक्षा वेगळा कसा असावा, हे मला सांगता येणार नाही.

खरी लाज आणणारी गोष्ट पाच दिवसांनी घडली. कॉलिंगवूड क्लबचे अध्यक्ष एडी मॅग्वायर हे सामन्यानंतर लगेच गुड्स यांना भेटून क्षमा मागून आले होते. तेच रेडिओवरील गप्पांत, महाकाय वानराच्या कथेवरील एका संगीत नाटकाच्या जाहिरातीसाठी गुड्स यांना घ्यावे, असे म्हणून गेले. त्यासाठी त्यांनी पुन्हा क्षमा मागितली. मुलगी तेरा वर्षांची होती. मॅग्वायर अठ्ठेचाळीस वर्षांचे होते आणि देशातील सर्वांत मोठ्या क्लबांपैकी एकाचे प्रमुख होते. तरीही पुढील दोन वर्षे लोकांच्या रागाचा रोख राहिला तो गुड्स यांच्यावर, हे विसरू नये.

प्रश्न : मी अनेक वर्षे मेलबर्नमध्ये राहतो. माझे सहकारी सांगतात, की गुड्स फ्री किकसाठी मुद्दाम पडत, म्हणून लोक हुर्यो उडवत. त्यात वर्णाचा संबंध नव्हता. सत्य काय मानावे? (मेलबर्न)

उत्तर : आपल्या सहकाऱ्यांच्या म्हणण्यात एक अंश खरा आहे. धक्का लागताच अंग सैल सोडून पंचांचे लक्ष वेधणे हे या खेळात चालते, गुड्सही त्याला अपवाद नव्हते, आणि प्रतिस्पर्धी संघाच्या चांगल्या खेळाडूची हुर्यो उडवणे ही तेथील प्रेक्षकांची जुनी सवय आहे. पण एखादे कारण पुरे पडते की नाही, हे पाहण्याची साधी कसोटी काळाची असते. गुड्स १९९९ पासून खेळत होते आणि २०१२ पर्यंत त्यांची शैली तीच होती, तरी मैदानामागून मैदानात, चेंडू हातात येताच, आठवडा न चुकता हुर्यो होत नव्हती. ती वाढली २०१३ च्या प्रसंगानंतर. जानेवारी २०१४ मध्ये त्यांना ‘ऑस्ट्रेलियन ऑफ द इयर’ हा सन्मान मिळाला आणि त्या व्यासपीठावरून ते मूलनिवासींच्या इतिहासाविषयी बोलू लागले, तेव्हा ती आणखी वाढली. आणि २०१५ मध्ये ती असह्य झाली. मुद्दाम पडणारे इतर खेळाडू या काळात मैदानावर होतेच. त्यांपैकी कोणाच्याही वाट्याला असे काही आले नाही.

हुर्यो उडवणारा प्रत्येक जण वंशद्वेष्टा होता, असे माझे म्हणणे नाही. शेजारचा ओरडतो म्हणून ओरडणारे कोणत्याही मैदानात पुष्कळ असतात. पण हुर्यो उडवणाऱ्या हजारोंच्या मनात काय आहे हे ज्याला ती ऐकावी लागते त्याने निवडत बसावे, अशी अपेक्षा करणे अन्यायाचे आहे. शिवाय २०१५ च्या मध्यापर्यंत अनेक मूलनिवासी खेळाडूंनी, या आवाजाचा अर्थ आम्हांला कसा लागतो, हे जाहीरपणे सांगितले होते. त्यानंतरही जो थांबला नाही, त्याला ‘मला ठाऊक नव्हते’ असे म्हणता येत नाही.

या संदर्भात दोन जुनी नावे आठवावीत. १७ एप्रिल १९९३ रोजी कॉलिंगवूडच्या व्हिक्टोरिया पार्क मैदानावर सेंट किल्डाचे निकी विन्मार यांनी दिवसभर शिव्या ऐकल्या आणि सामना जिंकल्यावर प्रेक्षकांकडे वळून, जर्सी वर करून, बोटाने स्वतःची त्वचा दाखवली. दोन वर्षांनी एसेंडनचे मायकेल लाँग यांनी प्रतिस्पर्धी खेळाडूच्या वंशवाचक शिवीविरुद्ध तक्रार केली आणि १९९५ मध्ये एएफएलने त्यासंबंधीचा नियम केला. तो नियम खेळाडूंपुरता प्रभावी ठरला. मैदानात एकमेकांना तशी शिवी देणे जवळजवळ थांबले. हुर्योत शब्दच नसतो. नियमाला पकडायला काही सापडत नाही, म्हणून एएफएलचे पदाधिकारी महिनोन्महिने गप्प राहिले, असा माझा निष्कर्ष आहे. त्यांच्या जागी मी असतो, तर पहिल्याच हंगामात प्रत्येक क्लबच्या कर्णधाराला आपल्या प्रेक्षकांपुढे बोलायला लावले असते.

प्रश्न : गोल केल्यानंतर प्रेक्षकांच्या दिशेने भाला फेकण्याचा आविर्भाव करणे हे चिथावणी देणे नव्हे काय? (रत्नागिरी)

उत्तर : २९ मे २०१५ रोजी सिडनी क्रिकेट मैदानावर कार्ल्टनविरुद्ध गोल केल्यावर गुड्स यांनी तो युद्धनृत्याचा आविष्कार केला. तोही सामना मूलनिवासी सन्मान फेरीतीलच होता. नृत्याच्या हालचाली त्यांना सोळा वर्षांखालील मूलनिवासी मुलांच्या ‘फ्लाइंग बूमरँग्स’ या संघाने शिकवल्या होत्या, आणि हातात अर्थातच काही नव्हते. शेजारच्या न्यूझीलंडचा रग्बी संघ प्रत्येक आंतरराष्ट्रीय सामन्यापूर्वी प्रतिस्पर्ध्यासमोर उभा राहून ‘हाका’ हे माओरी युद्धनृत्य करतो आणि ऑस्ट्रेलियन प्रेक्षक तो आवडीने पाहतात. त्याहून जवळचे उदाहरण गुड्स यांच्याच संघात सापडते. २००५ च्या विजेतेपदानंतर आयर्लंडहून आलेले त्यांचे सहकारी टाइग केनेली यांनी पदक घेताना व्यासपीठावर आयरिश नाच केला होता. तो आजही प्रेमाने आठवला जातो. केनेली यांचा नाच विजयानंतरचा होता आणि गुड्स यांचा सामना चालू असताना प्रतिस्पर्धी प्रेक्षकांसमोरचा, हा फरक मला मान्य आहे. पण प्रतिस्पर्धी प्रेक्षकांसमोर मुठी आवळून ओरडणे, छाती ठोकणे, कानाला हात लावणे हे सगळे आघाडीचे खेळाडू दर आठवड्याला करतात. राग आला तो एकाच आविर्भावाचा.

यानंतरचे आठवडे सर्वांत वाईट गेले. २६ जुलै रोजी पर्थमध्ये वेस्ट कोस्टविरुद्ध हुर्यो इतकी तीव्र झाली, की गोल केल्यावर लुइस जेटा या मूलनिवासी सहकाऱ्याने गुड्स यांच्या पाठिंब्यासाठी तेच नृत्य प्रेक्षकांसमोर केले. जाता जाता सांगायचे, तर पुढच्याच हंगामात जेटा त्याच वेस्ट कोस्ट क्लबकडून खेळू लागले आणि तेथील प्रेक्षकांनी त्यांना आपले मानले. गुड्स यांनी मात्र त्या सामन्यानंतर रजा घेतली. त्यांच्याशिवाय झालेल्या ॲडलेडविरुद्धच्या सामन्यात तिसऱ्या सत्राच्या सातव्या मिनिटाला, म्हणजे त्यांच्या ३७ क्रमांकाच्या जर्सीची आठवण म्हणून, सिडनीचे सारे मैदान उभे राहून टाळ्या वाजवत होते. ऑगस्टमध्ये ते जिलॉन्गविरुद्ध परतले, तेव्हा परक्या मैदानावरही त्यांचे स्वागत झाले. अर्थात तोपर्यंत त्यांचा निर्णय बहुधा झालेला होता. सप्टेंबरमध्ये नॉर्थ मेलबर्नविरुद्ध बाद फेरीतील सामना सिडनी हरले आणि ड्रेसिंग रूममध्ये सहकाऱ्यांना सांगून ते निवृत्त झाले. अंतिम सामन्याच्या दिवशी निवृत्त खेळाडूंची मैदानातून मिरवणूक निघते. त्यातही ते सहभागी झाले नाहीत.

प्रश्न : एएफएलने उघड क्षमा मागितल्यानंतरही त्यांनी ‘हॉल ऑफ फेम’ हा थोर खेळाडूंच्या यादीतील सन्मान नाकारला, असे समजते. हा अहंकार नव्हे का? क्षमा मागितल्यावर विषय संपायला हवा. (नागपूर)

उत्तर : त्यांच्या अखेरच्या हंगामांविषयी दोन माहितीपट तयार झाले. त्याच सुमारास, म्हणजे २०१९ मध्ये, एएफएल आणि तिच्या अठराही क्लबांनी संयुक्त निवेदन काढून, आपण गुड्स यांच्या पाठीशी उभे राहिलो नाही, याबद्दल विनाअट क्षमा मागितली. निवेदन चांगले होते. पण ते खेळाडू मैदानावर असताना चार वर्षे आधी आले असते, तर त्याचा त्यांना उपयोग झाला असता. २०२१ मध्ये हॉल ऑफ फेमसाठी त्यांचे नाव निश्चित होत असल्याचे त्यांना कळवण्यात आले, तेव्हा त्यांनी नम्रपणे नकार दिला आणि एएफएलने तो जाहीर केला.

क्षमा मागणे हे मागणाऱ्याचे कर्तव्य असते. त्याबदल्यात समोरच्याने समारंभाला हजर राहावे, अशी अट तिला जोडता येत नाही. गुड्स यांनी एएफएलविरुद्ध मोहीम चालवली नाही की दर वर्षी मुलाखती देऊन जखम उघडी केली नाही. ते केवळ दूर राहिले. आपल्याकडे एखाद्याने पुरस्कार नाकारला, की लोक आधी त्याचा स्वभाव तपासतात, आणि देणाऱ्याचा पूर्वेतिहास तपासायचा राहून जातो. माझ्या दृष्टीने या नकारात अहंकार नाही. ज्या संस्थेने आपल्याला एकटे पाडले तिच्या भिंतीवर आपले नाव नको, एवढाच हिशेब त्यात आहे. भविष्यात त्यांचे मन बदलले, तर तोही त्यांचाच अधिकार राहील.

प्रश्न : ऑस्ट्रेलियन प्रेक्षक मुळातच वंशद्वेष्टे आहेत, हे भारतीय संघाच्या अनुभवावरूनही सिद्ध होत नाही का? (सोलापूर)

उत्तर : जानेवारी २०२१ मध्ये सिडनी कसोटीत मोहम्मद सिराज यांनी सीमारेषेवर ऐकू आलेल्या शेऱ्यांविषयी पंचांकडे तक्रार केली, खेळ काही मिनिटे थांबला आणि सहा प्रेक्षकांना बाहेर काढण्यात आले, हे खरे. ज्या सिडनी मैदानावर गुड्स यांनी आपले निम्मे आयुष्य खेळून काढले, तेच हे मैदान. परंतु ऑक्टोबर २००७ मध्ये ऑस्ट्रेलियाचे अँड्र्यू सायमंड्स भारतात खेळत असताना काही मैदानांवर माकडासारखे आवाज काढले गेले, आणि मुंबईत वानखेडेवर तसेच चाळे करणाऱ्या काही प्रेक्षकांना पोलिसांनी बाहेर नेले होते. सायमंड्स यांच्या जन्मदात्या पालकांपैकी एक कॅरिबियन वंशाचे होते. आरंभी आपल्या येथील अनेक जबाबदार मंडळींनी ‘ही तर मारुतीची पूजा’ अशा थाटाची सारवासारव केली, ती मला आजही अस्वस्थ करते. एका देशाच्या प्रेक्षकांविषयी असे सरसकट विधान करण्यापूर्वी त्या आठवड्याची वर्तमानपत्रे पुन्हा काढून पाहावीत, अशी आपणांस विनंती आहे.

प्रश्न : गुड्स यांचे विक्रम अजून टिकून आहेत का आणि ते सध्या काय करतात? (पणजी)

उत्तर : मूलनिवासी खेळाडूंमध्ये सर्वाधिक सामन्यांचा विक्रम आधी ॲडलेडचे अँड्र्यू मॅक्लाउड यांच्या नावावर, ३४० सामन्यांचा, होता. तो गुड्स यांनी मोडला आणि पुढे शॉन बर्गोइन यांनी गुड्स यांनाही मागे टाकले. बर्गोइन २०२१ मध्ये ४०७ सामने खेळून निवृत्त झाले. खेळत असतानाच, २००९ मध्ये, गुड्स यांनी नात्यातील भाऊ आणि सिडनीतील सहकारी मायकेल ओलाफलिन यांच्यासह मूलनिवासी विद्यार्थ्यांना शिष्यवृत्ती देणारी ‘गो फाउंडेशन’ ही संस्था स्थापन केली. संस्थेच्या नावात दोघांच्या आडनावांची आद्याक्षरे आहेत. निवृत्तीनंतर त्यांचे सार्वजनिक काम प्रामुख्याने या संस्थेच्या माध्यमातून आणि मूलनिवासींच्या व्यवसायांशी निगडित राहिले आहे. फुटबॉलच्या व्यासपीठांवर ते क्वचितच दिसतात. ज्या वाचकांना त्यांचा खेळ प्रत्यक्ष पाहण्याची इच्छा आहे, त्यांनी २०१२ च्या अंतिम सामन्याचे चित्रण शोधून अखेरचे सत्र पाहावे. नियम पूर्ण समजले नाहीत तरी चालेल, ३७ क्रमांकाच्या जर्सीवर लक्ष ठेवावे.